नॅचेझ आगबोटीवर रात्रीचं जेवण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू ऑर्लिन्सला निघालेली ओळखीची माणसं मला फोन करून साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे. मी आई-बाबांना घेऊन मिसिसिपी नदीवरच्या या फेरीला गेले होते. बाबांची नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलर विभागात झाली, त्यामुळे आमची संध्याकाळ जेवणाच्या टेबलावर कमी आणि इंजिनाच्या कठड्यापाशी जास्त गेली. खालची उत्तरं वाचताना ते लक्षात असू द्या.

ही बोट खरोखर वाफेवर चालते की नुसता देखावा आहे?

खरोखर वाफेवर चालते. हे मुद्दाम सांगते, कारण मागे मोठं लाल चाक दिसलं की आपण आगबोट समजून मोकळे होतो. त्याच शहरातली ‘क्रिओल क्वीन’ १९८३ सालची. तिचं रूप जुन्या वळणाचं आहे, पण चाक फिरतं ते डिझेल-विजेवर. छान बोट आहे, पण ती आगबोट नव्हे. नॅचेझमध्ये बॉयलर आहे, त्यात पाण्याची वाफ होते, वाफ सिलिंडरात जाऊन दट्ट्या (पिस्टन) ढकलते आणि त्या दट्ट्याच्या जोरावर चाक फिरतं. डिझेल बोटीत पायाखाली जी सततची घरघर जाणवते, ती इथे नाही. बोट धक्क्यावरून सुटते तेव्हा आधी भोंगा वाजतो, मग एक लांब सुस्कारा ऐकू येतो आणि किनारा मागे सरकायला लागतो.

किती जुनी आहे? तिला ‘ऐतिहासिक’ म्हणावं का?

याचं उत्तर दोन भागांत द्यावं लागेल. बोटीचा सांगाडा १९७५ सालचा, पोलादी आणि लुइझियानातल्या ब्रेथवेट इथे बांधलेला. म्हणजे वयाने ती फार म्हातारी नाही. पण तिच्या पोटातली इंजिनं १९२५ची आहेत. ती ‘क्लेअरटन’ नावाच्या बोटीतून काढून इथे बसवली. कोळशाने भरलेले तराफे नदीतून ढकलत नेणारी ती कष्टकरी बोट होती. नॅचेझवरची घंटाही जुन्या बोटीची, आणि तिचा नाद स्वच्छ यावा म्हणून ओतताना चांदीचे २५० डॉलर वितळवून घातले होते असं सांगतात.

माझं मत विचाराल तर ज्या यंत्राने शंभरी गाठली आणि जे अजून रोज राबतं आहे, ते ऐतिहासिकच. काचेच्या पेटीत ठेवलेल्या इंजिनापेक्षा तेल पिऊन फिरणारं इंजिन इतिहास जास्त चांगला सांगतं.

नॅचेझ हे नाव कशावरून?

मिसिसिपी राज्यात नदीकाठी नॅचेझ नावाचं गाव आहे आणि गावाचं नाव तिथल्या मूळ रहिवाशांवरून पडलं. या नावाची ही नववी बोट. सहावी सगळ्यांत गाजली ती १८७०च्या शर्यतीमुळे. कप्तान थॉमस लेदर्स यांची नॅचेझ आणि कप्तान जॉन कॅनन यांची ‘रॉबर्ट ई. ली’, न्यू ऑर्लिन्स ते सेंट लुइस, नदीच्या प्रवाहाविरुद्ध. ३० जूनला दोघी निघाल्या आणि ४ जुलैला ली पोहोचली. तिला ३ दिवस १८ तास १४ मिनिटं लागली. नॅचेझ धुक्यात अडकून काही तास थांबली आणि हरली. त्या दोन्ही बोटींची चाकं बाजूंना होती, आताच्या नॅचेझचं एकच चाक मागे आहे.

मागच्या चाकाचा फायदा काय?

नदीतून वाहत येणाऱ्या ओंडक्यांपासून चाक वाचतं आणि बोट अरुंद, उथळ पाण्यातही शिरू शकते. बाजूच्या दोन चाकांचा फायदा वेगळा होता : एक पुढे आणि एक मागे फिरवलं की बोट जागच्या जागी वळायची. नॅचेझचं चाक २५ फूट व्यासाचं, तेवढंच रुंद आणि पांढऱ्या ओक लाकडाच्या फळ्यांचं. वजन २६ टन.

इंजिनाच्या खोलीत जाऊ देतात का?

हो, आणि या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा. इंजिनखोली प्रवाशांना बघता येते आणि तरीही निम्मी माणसं तिकडे फिरकत नाहीत. ती वरच्या डेकवर फोटो काढत असतात.

आत गेल्यावर पहिल्यांदा ऊब लागते, मग गरम तेलाचा वास येतो. बाबा दारातच थांबले आणि त्यांची नजर सरळ दाबाच्या काट्यावर गेली. मी त्यांना पितळी नळ्या दाखवत होते, पण ते म्हणाले, “थांब, आधी काटा बघू दे.” तीस वर्षांची सवय. काटा स्थिर आहे हे पाहिल्यावरच ते बाकीचं बघायला लागले.

बघायचं ते असं. वाफ आधी लहान सिलिंडरात जाते, तिथे जोर लावून झाला की तीच वाफ मोठ्या सिलिंडरात शिरते. तिचा दाब आता कमी झालेला असतो, म्हणून तेवढंच काम काढून घ्यायला दट्ट्याही मोठा लागतो. त्यानंतर वाफ थंड करून पुन्हा पाणी करतात. दट्ट्या एका दिशेला ७ फूट जातो आणि ७ फूट परत येतो. त्याला जोडलेला लांबलचक दांडा बोटीच्या मागच्या टोकापर्यंत गेलेला आहे आणि तो चाकाच्या आसाला फिरवतो. नदीवरची माणसं त्या दांड्याला ‘पिटमन’ म्हणतात. हे सगळं डोळ्यांना सहज दिसेल इतक्या वेगाने चालतं. मोटारीचं इंजिन बघून काही कळत नाही, ते झाकलेलं असतं आणि भरधाव असतं. इथे तुम्ही एका वाफेच्या झोतामागे नजरेने जाऊ शकता : झडप उघडली, दांडा सरकला, चाकाची एक फळी पाण्यात बुडाली.

निदान पंधरा-वीस मिनिटं द्या. तिथे काम करणाऱ्यांना प्रश्न विचारले तर ते आनंदाने बोलतात. बाबांचं इंग्रजी बेताचं आहे. त्यांनी काट्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि “बॉयलर, थर्टी इयर्स” एवढंच म्हणाले. तेलाने हात माखलेल्या त्या माणसाने हात पुसला आणि पुढे केला.

वेळ काय आणि किती आधी पोहोचायचं?

रात्रीची फेरी ७ ते ९. जेवणवाल्यांना ६ पासून आत घेतात. हंगामाप्रमाणे वेळा बदलू शकतात, म्हणून तुमच्या तिकिटावर छापलेली वेळ खरी माना.

धक्का टुलूझ स्ट्रीटच्या टोकाला, जॅक्स ब्रुअरीच्या इमारतीमागे आहे. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही : फ्रेंच क्वार्टर हा शहराचा जुना भाग आणि नदी यांच्या मधून रेल्वेचे रूळ जातात आणि त्यावरून मालगाडी जाते. ती सावकाश जाते आणि चांगलीच लांब असते. शेवटच्या पाच मिनिटांत धावत येणारा माणूस डब्यांच्या या बाजूला आणि बोट त्या बाजूला, असं होऊ शकतं. बोट कुणासाठी थांबत नाही. अर्धा तास हाताशी ठेवून निघा.

जेवणासकट तिकीट घ्यावं की नुसत्या फेरीचं?

दोन्ही प्रकार मिळतात आणि दरात बराच फरक आहे. फेरी, वादन, डेक, इंजिनखोली हे दोन्ही तिकिटांत सारखंच. फरक फक्त ताटाचा.

मांसाहारी असाल आणि लुइझियानाचं जेवण आधी चाखलं नसेल, तर जेवणासकट घ्या. घरात सगळे काटेकोर शाकाहारी असतील तर नुसती फेरी घेऊन शहरात आधी खाऊन या, असं मी स्पष्ट सांगते. ते पैसे वाचवून दुसऱ्या दिवशी दुपारची फेरी करता येईल, उजेडात नदी वेगळी दिसते.

जेवणाची पहिली पंगत घ्यावी की दुसरी?

जेवण बुफे असतं आणि दोन पंगती होतात. पहिली बोट सुटायच्या आधी, दुसरी बोट नदीत असताना. बहुतेकांना वाटतं की चालत्या बोटीवर जेवण्यातच मजा. मला तसं वाटत नाही. फेरी दोन तासांची, त्यातला पाऊण तास ताटात गेला तर नदी कधी बघणार? पहिली पंगत घ्या, ७ वाजता हात धुऊन मोकळे व्हा.

त्यात एक तोटा आहे. बोट सुटायच्या आधी गच्चीवर वाफेच्या शिट्ट्यांचं वाद्य वाजतं आणि नेमकं तेव्हा तुम्ही जेवत असता. आवाज आतही येतो, पण ते दृश्य बघण्यासारखं आहे. आम्ही आळीपाळीने वर जाऊन आलो.

ते वाफेच्या शिट्ट्यांचं वाद्य म्हणजे काय?

त्याला कलायोपी म्हणतात. जोशुआ स्टॉडर्ड यांनी १८५५मध्ये त्याचं पेटंट घेतलं. बाजाच्या पेटीसारखी पट्टी असते, पण भात्याऐवजी बॉयलरची वाफ आणि स्वरपट्ट्यांऐवजी पितळी शिट्ट्या. नॅचेझवर ३२ स्वरांचं आहे. एक पट्टी दाबली की एका शिट्टीतून वाफेचा पांढरा फुगारा उठतो, म्हणजे गाणं ऐकूही येतं आणि दिसतंही. आवाज अख्ख्या फ्रेंच क्वार्टरमध्ये जातो. आगबोटींच्या जमान्यात बोट गावाजवळ आली ही दवंडी त्यानेच पिटली जायची.

सूर थोडे इकडेतिकडे झाल्यासारखे वाटतील. तो वादकाचा दोष नाही. शिट्टी तापते, तिच्यात पाणी साचतं, वाफेचा दाब कमीजास्त होतो, आणि या प्रत्येकाने स्वर हलतो. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या आईला पहिलं गाणं सहन होईना. तिसऱ्या गाण्याला ती ताल धरून उभी होती. लहान बाळ असेल तर मात्र अगदी जवळ नेऊ नका, कान दुखतील इतका आवाज असतो.

शाकाहारी माणसाने काय खावं?

इथे नीट लक्ष द्या, कारण लुइझियानाच्या स्वयंपाकात मांस दिसत नाही तिथेही असतं. गंबो हे दाटसर कालवण. त्यात कोंबडी, सॉसेज किंवा कोळंबी असतेच, आणि वरून भाज्याच दिसल्या तरी रस्सा मांसाचा असतो. ‘रेड बीन्स अँड राइस’ दिसायला थेट आपला राजमा-भात, पण तो शिजवताना डुकराचं मांस घालायची पद्धत आहे. जंबालया म्हणजे मसालेभात नव्हे, त्यातही सॉसेज. ब्रेड पुडिंगमध्ये अंडं असतं आणि वरच्या सॉसमध्ये बऱ्याचदा व्हिस्की.

तिकीट काढतानाच शाकाहारी असल्याचं कळवा आणि बुफेपाशी उभं राहून पुन्हा विचारा. ‘व्हेजिटेरियन आहे का’ एवढंच विचारू नका. ‘यात मांस, मासा किंवा मांसाचा रस्सा आहे का’ असं विचारा, म्हणजे नेमकं उत्तर मिळतं. जैन जेवण किंवा उपासाचं काही मिळण्याची अपेक्षा धरू नका.

संगीत कसलं असतं?

जॅझ, तेही न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या पद्धतीचं, प्रत्यक्ष समोर बसून वाजवलेलं. बोट आणि जॅझ हे नातं पर्यटकांसाठी जुळवलेलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्ट्रेकफस कंपनीच्या सहलीच्या आगबोटींवर फेट मॅरेबल यांचा वाद्यवृंद वाजवायचा. ते स्वतः कलायोपीही वाजवत. पुढे जगभर गाजलेले ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग तरुणपणी, १९१९च्या सुमारास त्यांच्याकडे होते आणि स्वरलिपी वाचायचा सराव त्यांना तिथे झाला. वाद्यवृंदाजवळची खुर्ची मिळाली तर एक-दोन गाणी पूर्ण ऐका, मग उठा.

नदीतून काय काय दिसतं?

सुटताना जॅक्सन चौक आणि त्यामागची सेंट लुई कॅथीड्रलची तीन शिखरं. समोर अल्जिअर्स पॉइंटचं वळण. नदी इथे इतकी वळते की शहराला ‘चंद्रकोरीचं शहर’ म्हणतात, आणि याच वळणापाशी तिची खोली २०० फुटांच्या आसपास जाते. वरून पाणी संथ वाटतं, पण खाली जोर भयंकर आहे.

पुढे प्रवाहाच्या दिशेने गेलं की शाल्मेटकडे डॉमिनो साखर कारखाना लागतो. १९०९पासून चालू असलेला हा कारखाना रात्री दिव्यांनी उजळलेला असतो. बाबा त्याचं नाव कळल्यावर कठड्यावरून हललेच नाहीत. त्याच्याच अलीकडे-पलीकडे ती रणभूमी आहे जिथे ८ जानेवारी १८१५ला अमेरिकेचे सेनापती अँड्र्यू जॅक्सन यांनी ब्रिटिश फौजेला हरवलं. युद्ध थांबवणाऱ्या तहावर सह्या त्याआधीच, २४ डिसेंबरला युरोपात झाल्या होत्या. बातमी जहाजाने यायची होती.

मालवाहू जहाजं जवळून जातात. त्यांच्यापुढे आपली तीन मजली बोट खेळणं वाटते.

या बोटींचा काळ एवढा रम्य होता का?

नाही, आणि मुलांबरोबर जाणार असाल तर हे त्यांना जरूर सांगा. ज्या कापसाच्या गठ्ठ्यांनी जुन्या आगबोटी काठोकाठ भरलेल्या असायच्या, तो कापूस गुलाम माणसांनी वेचलेला होता. यादवी युद्धाआधी न्यू ऑर्लिन्स ही अमेरिकेतली गुलामांची सर्वांत मोठी बाजारपेठ होती आणि त्या माणसांनाही याच नदीवरून, अशाच बोटींतून विकायला नेत. फेरीत हे फारसं बोललं जात नाही. शहरात एक दिवस जास्त असेल तर तो इतिहास सांगणाऱ्या ठिकाणी जा.

बॉयलर फुटण्याची भीती नाही ना?

भीती निराधार नव्हती. २७ एप्रिल १८६५ला मेम्फिसजवळ ‘सुलताना’ या बोटीचे बॉयलर फुटले आणि हजाराहून जास्त माणसं मेली. युद्धकैदेतून सुटून घरी निघालेले सैनिक होते ते, बोटीच्या क्षमतेच्या कितीतरी पट भरलेले. त्याही आधी झालेल्या अशा अपघातांमुळेच अमेरिकेत १८३८ आणि १८५२मध्ये आगबोटींच्या तपासणीचे कायदे झाले. आज तटरक्षक दल प्रवासी बोटींची तपासणी करतं. बाबांनी पाहताक्षणी दोन गोष्टी शोधल्या, दाबाचा काटा आणि सुरक्षा झडप. दोन्ही दिसल्यावर ते निवांत जेवले.

बोट लागते का?

नदीत लाटा नसतात, त्यामुळे सहसा नाही. दट्ट्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर बोटीला पुढे जाण्याचा हलका हिसका जाणवतो, पेल्यातल्या पाण्यावर तो दिसतो. पाच मिनिटांत सवय होते.

आई-बाबांचे गुडघे दुखतात, जमेल का?

डेक एकावर एक आहेत आणि वर-खाली जायला जिने. चाकाची खुर्ची लागत असेल किंवा जिने अजिबात जमत नसतील तर तिकीट काढतानाच कळवा, म्हणजे टेबल सोयीच्या जागी मिळेल. आईने सगळी फेरी दोनच मजल्यांवर काढली आणि तिचं काही अडलं नाही. सावकाश चढायला वेळ हवा, हेही पहिल्या पंगतीच्या बाजूचं एक कारण.

कोणत्या महिन्यात जावं?

फेरी ७ला सुटते, म्हणून सूर्यास्ताचा हिशेब करा. जूनमध्ये सूर्य ८च्या सुमारास मावळतो, म्हणजे अर्धी नदी उजेडात, अर्धी दिव्यांत. डिसेंबरमध्ये ५लाच अंधार, तेव्हा सगळी फेरी काळोखात आणि वारा बोचरा. उन्हाळ्यात मुंबईच्या मे महिन्यासारखी चिकचिक असते आणि १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. मला मार्चचा दुसरा पंधरवडा आणि एप्रिल सगळ्यांत आवडतो : उन्हाळी वेळेसाठी तिथली घड्याळं तासभर पुढे सरकलेली असतात, बोट सुटताना मावळतीचा रंग असतो आणि हवा सुसह्य.

काय घालावं?

नीटनेटके साधे कपडे पुरतात. डेक ओला असू शकतो, म्हणून घसरणार नाहीत अशा चपला किंवा बूट. वरच्या डेकवर उन्हाळ्यातही वारा लागतो, एक शाल जवळ असू द्या. साडी चालते, पण इंजिनखोलीत आणि जिन्यावर पदर खोचून घ्या.

दारूचं काय? आणि टिप?

बार आहे, पेयांचे पैसे वेगळे. २१ वर्षांखालच्यांना दारू मिळत नाही. वय पन्नास असलं तरी ओळखपत्र मागू शकतात, पासपोर्ट जवळ ठेवा. बारवर आणि टेबलावर वाढणाऱ्यांना टिप द्यायची पद्धत आहे, साधारण १५ ते २० टक्के. वाद्यवृंदासमोर भांडं ठेवलेलं असेल तर त्यातही घाला.

न्यू ऑर्लिन्सला जाणं होणार नाही, दुसरीकडे अशी बोट आहे का?

केंटकीमधल्या लुइव्हिलला ओहायो नदीवर ‘बेल ऑफ लुइव्हिल’ आहे. ती मात्र नखशिखांत जुनी. १९१४मध्ये पिट्सबर्गला ‘आयडलवाइल्ड’ नावाने बांधली, १९४८मध्ये ‘ॲव्हलॉन’ झाली. १९६२मध्ये भंगारात जायच्या बेताला आलेली असताना लिलावात ३४,००० डॉलरला तिथल्या स्थानिक प्रशासनाने घेतली. १९८९पासून तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा आहे. तिच्यावरही जेवणाच्या फेऱ्या होतात. कोणती निवडावी असं विचाराल तर जी तुमच्या वाटेत आहे ती.

फेरी संपल्यावर लगेच उतरायचं का?

९ला बोट धक्क्याला लागते आणि सगळे एकदम दरवाजाकडे धावतात. पाच मिनिटं थांबा आणि मागच्या डेकवर जा. चाक थांबलेलं असतं, फळ्यांवरून पाणी निथळत असतं आणि खालून वाफेचा आवाज हळूहळू कमी होत जातो. आम्ही तिथे उभे असताना बाबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “आता दुसरी पाळी येईल.” मग आम्ही उतरलो. बाहेर मालगाडी जात होती, तिचे डबे मोजत थांबलो.